कित्ता गिरवणारं वेबपान करायचं आहे : ग्राफिक्स आणि ॲनिमेशन शून्यापासून कुठून शिकू?

हसरी_पाटी | २ मे

नमस्कार मंडळी,

मी कागल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. बरेच दिवस एक गोष्ट मनात सलते आहे. मी फळ्यावर 'म' काढते तेव्हा मुलांकडे माझी पाठ असते. हात कुठून निघाला, कुठे वळला, हे त्यांना दिसतच नाही. मी बाजूला होते तेव्हा अक्षर तयार असतं. मग कुणी 'म' खालून वर काढतं, कुणी आधी शिरोरेघ मारून त्याला बाकीचं लटकवतं. एकदा लागलेलं वळण चौथीपर्यंत सुटत नाही.

म्हणून असं पान करायचं आहे, जिथे अक्षर आपोआप हळूहळू उमटेल, मूल ते हवं तेव्हा थांबवेल आणि मग त्यावरून बोट फिरवून कित्ता गिरवेल. शाळेत एक टॅब आहे, बाकी पालकांचे फोन. व्हिडिओ भरपूर मिळतात, पण व्हिडिओवर बोट फिरवून काही होत नाही.

माझी तयारी किती, तर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आहेत, हात बरा चालतो. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. गेल्या वर्षी एका ऑनलाइन क्लासला १८ हजार रुपये भरले. तीन महिने त्यांनी एका सॉफ्टवेअरची बटणं शिकवली. क्लास संपला, सॉफ्टवेअरची मुदत संपली, आता माझ्याच फायली मला उघडता येत नाहीत. ते पैसे मी वर्षभर साठवले होते.

सुट्टी लागली आहे. रोज रात्री एक-दीड तास देऊ शकते. कुठून सुरू करू?

---

जुनीफ्रेम | २ मे

ताई, लिहिताना मुलांकडे पाठ असते, हे तुम्ही फार नेमकं टिपलंत. करायचं काय हे इतकं स्पष्ट असेल तर निम्मं काम झालं समजा.

मी २००२ ते २००९ पुण्यात मुलांच्या सीडी करायचो, सगळ्या फ्लॅश नावाच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. बाराखडी, पाढे, गाणी. तेव्हा वाटायचं, हे कायमचं आहे. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने ती कामं चालवणंच बंद केलं. सात वर्षांची मेहनत एका कपाटात पडून आहे. रफल नावाचा मुक्त प्रकल्प जुनी फ्लॅशची कामं चालवतो, त्यामुळे माझ्या काही सीडी पुन्हा दिसायला लागल्या आहेत. पण त्या दुरुस्त करायच्या तर मूळ सॉफ्टवेअर हवं. तुमच्या फायलींचं दुखणं मला आतून कळतं.

म्हणून पहिली गोष्ट : ज्याची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, तेच शिका. एसव्हीजी हा रेघा-आकारांच्या चित्रांचा फाईल-प्रकार तसा आहे. २००१ पासून वेबचं अधिकृत मानक आहे, आत निव्वळ मजकूर असतो, कुठल्याही ब्राउझरात दिसतं. चित्र काढायला इंकस्केप हे सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे आणि साध्या चित्रांसाठी तुमच्या लॅपटॉपवर चालेल.

दुसरी गोष्ट संगणक बंद ठेवून करायची. जुन्या वहीच्या कोपऱ्यात, २४ पानांवर, पडणारा चेंडू काढा आणि पानं फरफर उलटून बघा. चेंडू दर पानाला सारखाच सरकवलात तर तो पडल्यासारखा वाटत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा वाटतो. वरती दोन चित्रांतलं अंतर कमी, जमिनीजवळ जास्त, असं केलं की त्याला वजन येतं. संगणकात याला 'ईझिंग' म्हणतात. शब्द नंतर शिका, अंतर आधी हाताला कळू दे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून रोज एक-एक फ्रेम टिपत 'अंकुराची वाढ' केली होती, तीही हीच विद्या. दोन चित्रांमध्ये किती वेळ गेला आणि किती बदललं, एवढंच तर असतं.

---

टिंबटिंब | ३ मे

जुनीफ्रेमकाकांना पूर्ण अनुमोदन. मी ठाण्यात असतो, वेबसाइटी बांधणं हाच पोटापाण्याचा धंदा. थोडं तांत्रिक बाजूने लिहितो.

इंकस्केप उघडण्याआधी एक आठवडा एसव्हीजी हाताने टाइप करा. एक वर्तुळ, दोन रेघा, एक चौकोन, बस. हे म्हणजे आलेखाची वही. व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची चौकट, शंभर बाय शंभर ठेवलात की वहीवर शंभर घरं आडवी, शंभर उभी. मग पान फोनवर बघा नाहीतर प्रोजेक्टरवर, घरं शंभरच राहतात, चित्र फाटत नाही. एकच गोष्ट शाळेतल्या आलेखाच्या उलट आहे : शून्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात आणि य-अक्ष खाली वाढतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं घर उलटं बांधलं जातं.

त्यानंतर एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप आणि हालचाल), गरजेपुरतं. एमडीएन या वेब-तंत्राच्या माहितीच्या साइटवर सगळं फुकट आहे आणि मला आजही रोज लागतं. सीएसएसमध्ये 'कीफ्रेम्स' हा प्रकार नीट समजून घ्या. काकांची वहीची पानं तीच, फक्त मधली पानं ब्राउझर भरतो. रचना, रंग, अक्षरं यांचा पाया हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं डी'सोर्स चाळा, तेही मोफत आहे.

एक नियम आत्ताच पाठ करा, पुढे रडावं लागणार नाही. हलवायचं ते शक्यतो सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने (सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं), दिसणं-लपणं ओपॅसिटीने (अपारदर्शकता). रुंदी, उंची, डावीकडून अंतर हे बदलत ठेवलं की ब्राउझरला दर फ्रेमला सगळ्या पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद. तुमच्या लॅपटॉपवर ते खपून जाईल, पालकांच्या स्वस्त फोनवर अडखळेल.

जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरातली प्रोग्रामिंगची भाषा, शेवटी. बोट फिरवायची वेळ येईल तेव्हा.

---

नवखा_नागपूर | ३ मे

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. मी बीकॉम केलंय आणि याच क्षेत्रात नोकरी हवी आहे. जाहिरातींमध्ये जीसॅप, थ्रीजेएस, लॉटी, फिग्मा अशी ॲनिमेशन-डिझाइनच्या साधनांची यादीच असते. तुम्ही म्हणता हाताने वर्तुळ टाइप करा. एवढ्या सावकाशीने गेलं तर नोकरी कधी लागणार?

---

टिंबटिंब | ४ मे

घाई समजते, मीही त्यातून गेलोय. जीसॅप उत्तम आहे, २०२५ पासून पूर्ण मोफतही आहे, आणि कामावर मी वापरतो. लॉटीमुळे आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधलं ॲनिमेशन वेबवर येतं. पण ही सगळी मंडळी शेवटी ब्राउझरला तेच सांगतात : अमुक वस्तू अमुक वेळात तिथून इथे ने. ते कळलेल्या माणसाला लायब्ररी, म्हणजे असा तयार कोडचा संच, पंधरा दिवसांत येते. न कळलेला उदाहरणं चिकटवत राहतो आणि काही बिघडलं की अडतो. मी नोकरीसाठी मुलाखती घेतो तेव्हा दहा चकाचक नकला दाखवणाऱ्यापेक्षा स्वतः ठरवून केलेली एक छोटी गोष्ट दाखवणारा आणि 'इथे मी हे का केलं' सांगू शकणारा मला जवळचा वाटतो. तुम्ही ताईंच्या बरोबरीने चाला. नागपूरची संत्र्याची गाडी करा, चाकं फिरवा. दोन महिन्यांनी लायब्ररी घ्या.

---

हसरी_पाटी | २१ मे

वही झाली, चेंडू झाला. घरात भाचरांनी वही उलटून-उलटून कोपरे फाडले.

एसव्हीजीत कागदाची भिंगरी काढली, चार पाती, मधे टाचणी. काढताना फार मजा आली. मग फिरवायला गेले, तर भिंगरी टाचणीभोवती न फिरता पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला धरून भलामोठा फेरा मारते आणि पडद्याबाहेर जाते. चार रात्री गेल्या. आकडे बदलून थकले. काय चुकतंय?

---

टिंबटिंब | २१ मे

तुमचं काहीच चुकलेलं नाही. एसव्हीजीतल्या वस्तू मुळात सगळ्या चित्राच्या शून्य-शून्य बिंदूभोवती फिरतात, स्वतःच्या मध्याभोवती नाही. म्हणजे तुमची टाचणी सध्या वहीच्या कोपऱ्यात टोचलेली आहे. सीएसएसमध्ये ट्रान्सफॉर्म-बॉक्सला 'फिल-बॉक्स' आणि ट्रान्सफॉर्म-ओरिजिनला 'सेंटर' द्या. पहिलं सांगतं की चौकट त्या वस्तूची धर, दुसरं सांगतं की टाचणी त्या चौकटीच्या मधोमध टोच. पाती लहान-मोठी असतील तर चौकटीचा मध्य टाचणीवर येणार नाही, थोडी डगमगेल. तेव्हा टाचणीचे आकडे स्वतः द्या.

---

हसरी_पाटी | २२ मे

फिरली!! रात्री साडेअकराला आईला उठवून दाखवली.

---

नवखा_नागपूर | २४ मे

माझी गाडीही चालली. चाकं गाडीपेक्षा जोरात फिरत होती, घसरल्यासारखी दिसायची. मग परीघ काढून गाडी किती सरकली की चाक एक फेरा घेईल ते मोजलं. शाळेतलं दोन पाय आर पहिल्यांदा कामाला आलं.

---

हसरी_पाटी | ६ जून

आता मूळ कामाला लागले. मुळाक्षरांच्या क्रमाने न जाता आम्ही शाळेत आकाराने जवळची अक्षरं आधी घेतो : ग, म, भ, न. म्हणून 'म' घेतला. इंकस्केपमध्ये देवनागरी फाँटात टाइप करून त्याचा पाथ (बिंदू जोडून बनलेली रेघ) केला. नेटवर वाचलं होतं की तुटक रेघेची युक्ती करून रेघ उमटवता येते. ती केली.

उमटलं खरं, पण पेनने लिहिल्यासारखं नाही. अक्षराच्या काठाकाठाने एक बारीक रेघ धावत गेली, रांगोळीच्या कडेने मुंगी चालावी तशी, आणि शेवटी पोकळ 'म' उभा राहिला. मुलांना मी हे दाखवूच शकत नाही, ती असंच लिहायला लागतील.

---

बोरू | ६ जून

मी बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. अक्षरांचं काम हाच माझा जीव.

ताई, फाँटातलं अक्षर म्हणजे रेघ नसतेच. ती भरलेली आकृती असते, कागदातून कात्रीने कापलेल्या 'म'सारखी. तिला फक्त काठ माहीत असतो. आधी कुठून, मग कुठे, ही हाताची आठवण फाँटाने केव्हाच टाकून दिलेली असते. तुम्हाला नेमकी तीच हवी आहे, म्हणून फाँट बाजूला ठेवा आणि अक्षर स्वतः लिहा.

चौकटीच्या वहीत, टोक बोथट झालेल्या पेन्सिलीने 'म' मोठा काढा. दहादा काढा, अकरावा निवडा. फोटो काढून इंकस्केपमध्ये खाली ठेवा, त्याची पारदर्शकता वाढवा आणि पेन टूलने रेघेच्या मधोमध चाला. तीन वेगळे पाथ : डावी उभी रेघ खाली येते, गाठ घेते आणि आडवी उजवीकडे जाते, हा पहिला. उजवा दंड दुसरा. शिरोरेघ तिसरी, सगळ्यात शेवटी. तुमचा हात ज्या दिशेला जातो त्याच दिशेने बिंदू टाका, कारण ॲनिमेशन त्याच दिशेने धावणार. आणि बिंदू कमीत कमी. नवशिक्या माणूस वळणावर वीस बिंदू टाकतो आणि रेघ थरथरते. त्या गाठीला चार पुरतात, बाकी काम बिंदूच्या दोन्ही बाजूंचे दांडे ओढून होतं. रेघ जाड करा, टोकं गोल ठेवा. पहिलीच्या मुलाला जाड-बारीक वळणाची गरज नाही, त्याच्या हातात बोरू नसतो, पेन्सिल असते.

कुणाला फाँटाचंच अक्षर उमटताना हवं असेल तर तेही होतं. फाँटाचा भरलेला 'म' तसाच ठेवायचा, त्यावर मास्क (चित्राचा ठरावीक भागच दिसू देणारा पडदा) घालायचा आणि मास्कमध्ये ही मधली रेघ अक्षराच्या जाडीपेक्षा थोडी जास्त जाड करून उमटवायची. जिथे दोन फाटे जवळ येतात तिथे शेजारच्या रेघेचा तुकडा वेळेआधीच डोकावतो. तेव्हा अक्षर तुकड्यांत कापून प्रत्येकाला वेगळा मास्क द्यावा लागतो. चिकाटीचं काम आहे, पण देखणं होतं.

पानाला भाषा 'मराठी' अशी जाहीर करायला विसरू नका. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटात दोन्ही रूपं असतात, आणि भाषेची खूण दिली की मराठीतला पाकळीचा 'ल' येतो. मुलं वहीत एक 'ल' आणि पडद्यावर दुसरा 'ल' बघणार असतील तर आपण त्यांना मदत करत नाही, गोंधळात टाकतो.

---

टिंबटिंब | ७ जून

काय सुंदर लिहिलंय बोरू!

तुटक रेघेची युक्ती ताईंना जमलीच आहे, मागून येणाऱ्यांसाठी थोडक्यात. तुटक रेघेत एक तुकडा, एक मोकळी जागा, असं असतं. तुकडाही अख्ख्या रेघेएवढा करा आणि मोकळी जागाही. मग स्ट्रोक-डॅशऑफसेटने ती जोडी सरकवा : आधी सगळी मोकळी जागा रेघेवर, शेवटी सगळा तुकडा. लांबी मोजत बसायची नसेल तर प्रत्येक पाथला पाथलेंग्थ १०० लिहा, म्हणजे रेघ लहान असो की मोठी, ती शंभरच मानली जाते. गोल टोकामुळे सुरुवातीलाच एक ठिपका चमकतो. रेघेची पाळी येईपर्यंत तिला ओपॅसिटी शून्य ठेवा.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर अजून एक. शब्दातली अक्षरं एकेक करून टपकवण्याची तयार उदाहरणं इंग्रजीसाठी लिहिलेली असतात. 'शिक्षण' त्यात घातलं की श वेगळा, वेलांटी वेगळी, क वेगळा, हलन्त वेगळा पडतो आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी येते. ब्राउझरातच मजकूर नीट अक्षरांत तोडणारी सेगमेंटर नावाची सोय आहे, भाषा मराठी देऊन तो वापरा. फायरफॉक्समध्ये तो २०२४ साली आला, म्हणजे आता सगळीकडे आहे. जोडाक्षर नव्या ब्राउझरात अखंड राहतं, जुन्यात 'क्' आणि 'ष' अजूनही सुटतात. माझं मत विचाराल तर मराठी मजकूर अक्षरा-अक्षराने उडवूच नये, शब्दाने हलवावा. शिरोरेघ तुटली की शब्द विस्कटतो. ओळ खालून वर सरकवताना चौकट तंग ठेवली तर रफार आणि उकार कापले जातात, म्हणून ओळीची उंची सढळ ठेवा.

---

हसरी_पाटी | १९ जून

शाळा सुरू झाली. ग, म, न झाले आहेत. बोरू, तुमच्या सांगण्याप्रमाणे अकरावा 'म' निवडला. आधीच्या दहांत तो खरंच नव्हता.

आता बोट फिरवणं. बोट ठेवलं की पानच वर-खाली सरकतं. आणि मूल रेघेवर आहे की बाहेर गेलं, हे संगणकाला कसं कळणार?

---

टिंबटिंब | २० जून

पान सरकतं त्याला इलाज : अक्षराच्या पाटीला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन 'नन'. पण फक्त पाटीला, सगळ्या पानाला नाही, नाहीतर खालचं बटण गाठताच येणार नाही.

ओळखण्यासाठी ब्राउझर पाथवरचा कुठलाही बिंदू मोजून देतो. गेटपॉइंटॲटलेंग्थला सांगा, या रेघेवरचे सारख्या अंतरावरचे चाळीस बिंदू दे. ही झाली खड्यांची माळ. बोट पुढच्या खड्याच्या जवळ आलं की तो खडा रंगवा आणि त्याच्या पुढच्याची वाट बघा. बोट भलतीकडे गेलं तर काहीच करू नका. लाल रंग नको, कर्कश आवाज नको. परत आलं की पुढे चालू. बोटाची जागा पडद्याच्या पिक्सेलमध्ये येते, ती तुमच्या शंभर घरांत बदलून घ्यावी लागते, गेटस्क्रीनसीटीएम त्यासाठीच आहे. 'जवळ' म्हणजे किती, हे मुलांना बघून ठरवा. मी दहा घरांपासून सुरुवात करेन.

शाबासकीचा आवाज ठेवणार असाल तर सुरुवातीला 'चला' असं बटण हवंच. माणसाने स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाहीत.

---

सावली२१ | २० जून

मला कानाच्या आतल्या भागाचा त्रास आहे. पान मोठ्याने सरकलं, झूम झालं, मागचं चित्र वेगळ्या वेगाने हललं की दहा मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं. माझ्यासारख्यांनी फोनमध्ये 'हालचाल कमी' ही सेटिंग लावलेली असते. सीएसएस ती ओळखू शकतं, प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन असं तिचं नाव. त्या माणसांना अक्षर सरळ रेघा आणि बाणांसकट स्थिर दाखवा. शिकणाऱ्यांनी हे पहिल्याच महिन्यात शिकावं अशी माझी कळकळीची विनंती. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट कधीच नको, त्याने काहींना झटके येतात.

---

हसरी_पाटी | २१ जून

सावली, लिहिलंत हे फार बरं केलंत. आजच घातलं. बक्षिसाचे तारे लुकलुकत होते, तेही काढले. आता तारा एकदा उगवतो आणि थांबतो.

---

हसरी_पाटी | १२ जुलै

मंडळी, काल पहिलीच्या वर्गात टॅब फिरवला.

मुलं टॅबभोवती जमली आणि रेघ उमटायला लागली तशी एकदम गप्प झाली. एक मुलगी पडद्याला बोट न लावता हवेत रेघेबरोबर हात फिरवत होती. फळ्यासमोर मी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण माझी पाठ असायची.

दहा घरांचं अंतर कमी पडलं. लहान बोटं जाड असतात आणि ती नखाने नाही, पेराने टेकवतात. चौदा केलं. गाठीवर मुलं थांबतात, म्हणून ॲनिमेशनही तिथे थोडं सावकाश केलं. चेंडूचा धडा तिथे कामी आला.

एक मुलगा डावरा आहे. त्याने शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढली. माळ पहिल्या खड्याची वाट बघत बसली आणि तो रडवेला झाला. रात्री बसून शिरोरेघेला दोन्ही बाजूंनी गिरवायची मुभा दिली. आज त्याने 'म' सहा वेळा गिरवला आणि मग पाटीवर पेन्सिलीने काढला, दंड वरून खाली.

एका पालकांच्या फोनवर सगळं अडखळत होतं. अक्षराखाली मी धूसर सावली घातली होती, ती काढताच सुरळीत चाललं. सगळं पान मिळून एका फोटोपेक्षा हलकं आहे, गावात रेंज कमी असली तरी उघडतं. फायली मी नोटपॅडमध्ये उघडून बघते आणि प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते मला कळतं.

आता 'भ'ला अडले आहे. बोरू, डावीकडच्या त्या वरच्या गाठीत रेघ नेमकी कुठून सुरू करायची? आमच्या शाळेत तीन शिक्षक तीन तऱ्हांनी काढतात.

---

बोरू | १२ जुलै

तिघांनाही फळ्यावर 'भ' सावकाश काढायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून फक्त मनगट बघा. मी गाठीच्या आतून सुरू करतो, बाहेर वळसा घेऊन खाली उतरतो, म्हणजे हात उचलावा लागत नाही. पण मुलांचा हात कुठे अडतो ते तुम्हाला जास्त माहीत. तिन्हींचे फोटो इथे टाका, बघू.

---

हसरी_पाटी | १२ जुलै

उद्या मधल्या सुट्टीत काढून घेते. फोटो संध्याकाळी.